मागियसच्या दोषांची फळी

नोला गावातला दिव्यांचा व्यापारी मागियस याने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सद्गुणी व्हायचं ठरवलं, आणि तेही द्राक्षांची तोडणी सुरू व्हायच्या आत. मुदत त्याची त्यानेच घालून घेतली होती. तोडणी लागली की अर्धं गाव मळ्यात जातं. मग सद्गुणी होऊन बसलं तरी बघायला कोण?

याला कारण झालं स्नानगृहाच्या ओसरीतलं व्याख्यान. दाढी वाढवलेला, अनवाणी, अंगावर एकच जाडंभरडं वस्त्र घेतलेला एक तत्त्वज्ञ गावात आला होता आणि सद्गुण, विद्या आणि चांगलं जगणं या विषयांवर फुकट बोलत होता. मागियस तिथे गेला होता तो अंगाला तेल चोळून घ्यायला. कानात तेल गेलेलं असूनही त्याला तत्त्वज्ञाचे शब्द स्वच्छ ऐकू आले.

"तुम्ही दुकानाची झडती घेता, नोकरांची घेता," तत्त्वज्ञ म्हणत होता. "स्वतःची कधी घेतलीत? दिवस मावळला की मनाला समोर उभं करा आणि विचारा, आज तुझ्यात वाईट काय दिसलं?"

मागियसच्या अंगावर काटा आला. तेल चोळणाऱ्याला वाटलं वारा लागला. पण तो वारा नव्हता. अर्धी पाठ चोळायची राहिली असताना मागियस उठला, कपडे उलटे चढवले आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "अगं, मी उद्यापासून सद्गुणी होणार."

"आधी कपडे सुलटे करा," कालाविया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मागियस अंगणात तिवई टाकून भिंतीकडे तोंड करून बसला. स्वतःची झडती सुरू झाली. बराच वेळ चालली. काही सापडलं नाही. त्याला वाटलं, आजचा दिवसच तसा गेला असेल. दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या वर्षापासून शोधलं. तिसऱ्या दिवशी एक दोष हाताला लागल्यासारखा झाला, तेव्हा तो फार आनंदला. पण नीट पाहिल्यावर तो समोरच्या दामा न्हाव्याचा निघाला.

आता मागियसला काळजी वाटू लागली. दोषच नसतील तर ते घालवायचे कसे, आणि घालवले नाहीत तर सद्गुणी होणार कधी? शेवटी तो स्वयंपाकघरात गेला. कालाविया मसुरातले खडे वेचत बसली होती.

"अगं, माझ्यात काही दोष आहे का? अगदी मोकळेपणाने सांग."

कालावियाने सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि म्हणाली, "बसा."

त्या 'बसा'चा सूर मागियसला काही ठीक वाटला नाही. "नको, दुकान उघडं टाकून आलोय," असं म्हणून तो निघाला. वाटेत त्याला पटलं की बायकोचं मत या कामी धरता येत नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात नको नको त्या गोष्टी मिसळलेल्या असतात. इथे निःपक्षपाती माणूस हवा. आणि गावाइतकं निःपक्षपाती कोण?

त्याच संध्याकाळी त्याने सुताराकडून चार हात लांब फळी आणली, तिला चुन्याचे दोन हात दिले, सुतळीला कोळसा बांधला आणि फळी दुकानाच्या दारालगत ठोकली. ठोकण्याचा आवाज ऐकून दामा न्हावी एका गिऱ्हाइकाचा एकच गाल करून रस्ता ओलांडून आला. पाठोपाठ ते गिऱ्हाईकही आलं.

"वर काय लिहिणार?" दामाने विचारलं.

मागियसने लिहून दाखवलं: 'मागियस याच्यात ज्यास जो दोष दिसेल त्याने तो येथे लिहावा. हेतू सद्गुण.'

"दोष नको म्हणू, शेठ. उणिवा म्हण. दोष म्हटलं की लोकांना लांबलांबचं आठवतं."

"आठवू दे."

"मग निदान 'खरा दोष' तरी म्हण."

"खोटा कोण कशाला लिहील?"

दामाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि दुसरा गाल करायला गेला.

सकाळी मागियस कोंबड्याआधी उठला, केस विंचरले आणि दुकान उघडून फळीशेजारी उभा राहिला. छाती धडधडत होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी धडधडली नव्हती. पहिला माणूस आला, फळीपुढे थांबला, मागे सरकून माडीकडे पाहिलं आणि विचारलं, "भाडं काय खोलीचं?" दुसऱ्याने लिलाव कोणत्या दिवशी आहे ते विचारलं. मग एक म्हातारी आली. तिची नजर कमी होती. पांढऱ्या फळीवर मोठ्या अक्षरात मागियसचं नाव एवढंच तिला दिसलं, आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

"कधी गेले?" तिने मागियसलाच विचारलं. "परवाच तर दिवा नेला होता त्यांच्याकडून. गळका होता, पण बोलायला चांगले होते हो."

दुपारपर्यंत फळी कोरी. मागियसच्या मनाला ते फार लागलं. एवढं मोठं गाव, बाजारपेठ, रंगमंडप, दोन स्नानगृहं, आणि एकाही माणसाला आपल्याबद्दल काही वाटू नये? त्याचा उतरलेला चेहरा बघून दामाला दया आली. त्याने येऊन कोळसा उचलला आणि लिहिलं: 'समोरचा बोलत असताना मध्येच बोलतो.'

मागियस म्हणाला, "मी कधी मध्ये..."

"थांब, अजून माझं संपलं नाही," दामा म्हणाला.

"...बोललो ते दाखव."

दामाने फळीकडे नुसतं बोट दाखवलं. बघायला थांबलेले चारपाच जण हसले, आणि त्यातल्या एकाने दामाच्या हातातला कोळसा घेतला.

संध्याकाळपर्यंत अकरा झाले. 'विनोद सांगण्याआधी स्वतःच हसतो, मग आपल्यासाठी काही उरत नाही.' 'रस्त्यात भेटला की आपल्या गुडघ्याचं सांगतो. समोरच्यालाही गुडघे असतात हे ध्यानात घेत नाही.' 'नाटकाचा शेवट आधीच सांगतो, तोही चुकीचा.' मागियस एकेक वाचत होता आणि त्याच्या अंगात उत्साह मावत नव्हता. तीन दिवस तिवईवर बसून जे हाती लागलं नव्हतं ते एका दुपारीत घरबसल्या आलं. तो धावत आत गेला.

"अकरा झाले गं."

"मला विचारलं असतंत तर सकाळीच झाले असते," कालाविया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मागियसने प्रत्येक दोषाखाली बारीक अक्षरात खुलासा लिहायला घेतला. गुडघ्याखाली गुडघ्याची सगळी हकीकत आली. दुपारी कुणीतरी त्याखाली लिहिलं: 'उत्तरं देतो.' मग त्याने खुलासे बंद केले. निदान लिहायचे तरी.

तोवर फळीची बातमी बाजारापर्यंत गेली होती. दारूचे बुधले वाहणारा एक हमाल खांद्यावरचा बुधला उतरवून फळीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे लिहिता येतं त्यांनाच दोष दिसतात होय? आम्हाला काय डोळे नाहीत?" हा प्रश्न जमलेल्या मंडळींना एकदम पटला. गावात लिहिता न येणारेच जास्त. त्यांचं मत घेतल्याशिवाय आलेला सद्गुण लंगडाच राहणार. तेव्हा मागियसने चौकातल्या सालवियस नावाच्या पत्रलेखकाला तिवई, सावलीला कापड आणि दुपारचं जेवण कबूल करून फळीशेजारी आणून बसवलं.

सालवियसने आयुष्यभर इतरांचे अर्ज आणि प्रेमपत्रं लिहिली होती. भाषेच्या बाबतीत तो तडजोड करत नसे.

"लिही," हमाल म्हणाला, "चिकट आहे."

सालवियसने लिहिलं: 'औदार्याच्या बाबतीत सदर गृहस्थांचा हात नेमस्त आहे.'

"एवढं कुठे म्हणालो मी?"

"लांब लिहिलं की खरं वाटतं," सालवियस म्हणाला. "पुढचा."

पुढचे पुष्कळ होते. चौथ्या दिवशी फळी पुरेना, म्हणून दुसरी लावावी लागली. गल्लीच्या तोंडाशी उकडलेले चणे विकणारा येऊन बसला. लांबच्या वस्तीतली माणसं मुलाबाळांना घेऊन येऊ लागली. त्यातले काही मागियसला ओळखतही नव्हते, पण म्हणून त्यांनी हात आखडला नाही. 'ओळख नाही, पण चालीवरून वाटतं,' असं एकाने मोकळेपणाने लिहून टाकलं. दिवा एकही खपत नव्हता. मागियसला त्याची शुद्ध नव्हती. तो रोज धुतलेला टोगा अंगाभोवती गुंडाळून फळीजवळ उभा राही आणि कुणी लिहायला लागलं की नजर मुद्दाम दुसरीकडे वळवी, म्हणजे त्याला संकोच वाटू नये.

"हे कधी उतरवणार?" कालावियाने विचारलं. "पौर्णिमेला कापुआची मंडळी येतायत. सेप्पियस काही लहानसहान माणूस नाही. मुलीच्या सासऱ्याने दारात हे वाचायचं का?"

मागियसची मुलगी मागिया हिचं कापुआतल्या सेप्पियस नावाच्या तांब्याच्या भांड्यांच्या कारखानदाराच्या मुलाशी जमत आलं होतं. स्वतः सेप्पियस येऊन बघून गेला की पक्कं व्हायचं.

"आदल्या दिवशी उतरवतो," मागियस म्हणाला. "तोवर सद्गुणी झालेलोच असेन."

एवढं सगळं तो हसतमुखाने सोसत होता, पण पाचव्या दिवशी कुणीतरी लिहिलं: 'माणूस साधारण. दोषही साधारण.' ते वाचून मागियस मटकन बसला. कंजूष म्हणा, वाचाळ म्हणा. त्यात माणूस काहीतरी आहे हे तरी येतं. साधारण? त्या दिवशी त्याने जेवणाचं ताट दूर सारलं.

"काहीतरीच लिहितात," कालाविया म्हणाली. "साधारण कसले? मी एकोणीस वर्षं बघतेय. तुमच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

तिने हे कोणत्या अर्थाने म्हटलं ते मागियसने विचारलं नाही. ताट पुन्हा ओढून घेतलं.

मात्र फळीवर एक ओळ अशी होती की तिच्याबद्दल त्याने घरात कुणाला काही सांगितलं नाही. ती पहिल्यांदा आली दुसऱ्या दिवशी सकाळी. सालवियसचा तर तेव्हा पत्ताही नव्हता. डावीकडे खालच्या कोपऱ्यात, ठळक अक्षरात: 'सख्ख्या भावाशी पाच वर्षं बोलत नाही.'

एरवी प्रत्येक ओळ कुणी लिहिली असेल याचा मागियस दामाशी तासभर खल करत असे. या ओळीबद्दल त्याने दामाला विचारलं नाही. रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, अंगठा ओला केला आणि ती पुसून टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच जागी पुन्हा होती. त्याने पुन्हा पुसली. चौथ्या दिवशी पुन्हा. नंतर तर दार उघडल्याबरोबर आधी तो कोपरा पुसायचा आणि मग देवांना हात जोडायचे, असा परिपाठच पडला.

त्याचा थोरला भाऊ नोव्हियस दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. लोकरीचा व्यापार होता त्याचा. पाच वर्षांमागे त्यांचे वडील वारले, तेव्हा रीतीप्रमाणे थोरल्याने चौकात उभं राहून वडिलांच्या गुणांचं भाषण केलं. भाषण फार चांगलं झालं, गाव रडलं. त्यात वडिलांचे सगळे सद्गुण आले, वडिलांचा घोडा आला, वडिलांनी लावलेलं अंजिराचं झाड आलं. धाकटा मुलगा तेवढा आला नाही. मागियस तिथेच, पहिल्या रांगेत उभा होता. तो घरी निघून आला, आणि तेव्हापासून त्या दोन गल्ल्यांमधून तो कधी गेला नाही. बाजाराला जायचं तर गावकुसाकडून वळसा घालून जाई.

सहाव्या दिवशी नगरकचेरीतला फुफिडियस नावाचा कारकून आला. त्याने फळीची लांबी मोजली, रुंदी मोजली आणि विचारलं, "ही कशाची फळी?"

"दोषांची," मागियस अभिमानाने म्हणाला.

फुफिडियसने काखेतली गुंडाळी उलगडली. "विक्रीची, लिलावाची, खेळांची, निवडणुकीची, हरवलेल्या जनावराची. दोषांची फळी आमच्याकडे नाही. हरवलेलं जनावर लिहू?"

"हरवलंय काय पण?"

"अब्रू," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

फुफिडियस हसला नाही. कचेरीतली माणसं हसली तरी कचेरीबाहेर हसत नाहीत. "शिवाय," तो म्हणाला, "इथे भर रस्त्यात एका नागरिकाची बदनामी चालली आहे. ज्याची बदनामी होते त्याची लेखी संमती फळी लावणाऱ्याने आणली पाहिजे."

"दोघेही मीच."

"ते मला दिसतंय. पण अर्जाला दोन बाजू असतात."

तेव्हा मागियसने मागियसकडे अर्ज केला, मागियसने त्यावर संमती दिली, आणि या दोघांची भेट राजीखुशीने झाली, कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही, असं दोन साक्षीदारांनी लिहून दिलं. त्यातला एक साक्षीदार दामा. त्याने सही करण्याआधी दोघांनाही एकेकदा विचारून घेतलं. मग निघालं की फळी रस्त्याच्या हद्दीत दोन बोटं पुढे येते, ती दोन बोटं मागे न्यावी. भिंत मागे जाईना, म्हणून गवंडी बोलावून भिंतीला खाच पाडली. त्यात गिलावा सुटला आणि सालवियसच्या शाईच्या दौतीत पडला. सालवियस दोन तास बोलला नाही, आणि तेवढ्या वेळात लिहिता न येणाऱ्यांचे दोष रांगेत तुंबून राहिले. जाता जाता फुफिडियसने सुतळीचा कोळसा हातात घेतला आणि नेटक्या सरकारी अक्षरात लिहिलं: 'कागदपत्र सांभाळत नाही.'

सातव्या दिवशी दामाने स्वतःच्या दुकानाला फळी लावली. दुपारपर्यंत तिच्यावर एकोणीस झाले. न्हाव्याचा धंदा, ज्याच्या त्याच्या हनुवटीवर पुरावा होता. मागियस रस्ता ओलांडून गेला आणि फळी वाचून तणतणतच परत आला.

"'मध्येच बोलतो' हा माझा आहे," तो म्हणाला. "तो तुझ्या फळीवर कसा?"

"लोक म्हणतात माझ्यातही आहे."

"तू माझं बघून उचललास."

आठव्या दिवशी बाजारात पैजा लागल्या होत्या की नोला गावात जास्त दोष कुणाचे. मागियसला चैन पडेना. त्याने ओळखीच्या दोघांना बोलावून हळूच सुचवलं की पूर्वीची काही प्रकरणं त्यांना आठवत असतील तर लिहायला हरकत नाही.

पौर्णिमेला अजून तीन दिवस होते. नवव्या दिवशी सकाळी, गल्ली माणसांनी भरलेली असताना, एक खेचर येऊन थांबलं आणि त्यावरून एक जाडजूड, तांबूस चेहऱ्याचा माणूस उतरला. खेचर भाड्याने लवकर मिळालं म्हणून सेप्पियस लवकर आला होता.

सेप्पियसने चाळीस वर्षं तांब्याचे पत्रे ठोकणाऱ्या कारागिरांमध्ये काढली होती. त्याला हळू बोलता येत नसे. आणि तो वाचायचा तेही मोठ्याने.

"मागियस याच्यात," त्याने सुरुवात केली, आणि गल्लीच्या त्या टोकाला चणेवाल्याने मान वर केली, "ज्यास जो दोष दिसेल..."

"आत चला, व्याहीबुवा," मागियस घाईघाईने पुढे झाला. "पाय धुवा, पाणी घ्या. ते काय, असंच आपलं..."

"समोरचा बोलत असताना मध्येच बोलतो," सेप्पियस म्हणाला.

मग मात्र मागियस गप्प उभा राहिला. सेप्पियसने पहिली फळी वाचली. दुसरी वाचली. गुडघा वाचला, नाटकाचे शेवट वाचले, नेमस्त हात वाचला, चाल वाचली. माडीच्या खिडकीत कालाविया दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती. तिच्यामागे मागिया. गर्दीत कुणी हसत नव्हतं. फळीवर लिहिताना सगळ्यांना मजा वाटली होती, पण मुलीच्या सासऱ्याच्या तोंडून एकेक ओळ बाहेर पडायला लागली तशी लिहिणारे पायाखालची जमीन बघू लागले. सालवियसने आपली लेखणी गुपचूप कापडाखाली सरकवली.

वाचून झाल्यावर सेप्पियसने कपाळाचा घाम पुसला. "माझा मावसभाऊ दोन महिने तुमची चौकशी करत होता," तो म्हणाला. "त्याला काहीच कळलं नाही. म्हणाला, माणूस बरा दिसतो. इथे सगळं एका जागी मिळालं."

"मी समजावून सांगतो..."

"थांबा. मध्ये बोलू नका. यात मुलगा देऊ नये असं मला काही दिसलं नाही. मीही गुडघ्याचं बोलतो." एवढं म्हणून तो खाली वाकला. डाव्या कोपऱ्यात चुना झिजून आतलं लाकूड दिसत होतं. तिथे त्याने बोट टेकवलं. "इथे काय होतं?"

"काही नाही. चुना निघालाय."

"तुम्ही साधारण माणूस आहात हेसुद्धा ठेवलंत. एवढं सगळं ठेवलं आणि एकच पुसलं. तेही पुन्हा पुन्हा, लाकूड लागेपर्यंत. म्हणजे खरा दोष हाच असणार." त्याने वर पाहिलं. "काय होतं?"

अख्ख्या गल्लीला माहीत होतं. सूर्य उगवायच्या आत उठणारी माणसं होती ती, रोज त्यांनी ती ओळ वाचली होती आणि रोज मागियसचा ओला अंगठाही पाहिला होता. पण कुणी बोललं नाही. दामाही नाही.

"सांगा ना, बाबा," खिडकीतून मागिया म्हणाली.

मागियसने टोग्याचा काठ सारखा केला. मग पुन्हा केला. "मला थोरला भाऊ आहे," तो म्हणाला. "दोन गल्ल्या सोडून राहतो. पाच वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही."

"काय केलं त्याने?"

"वडिलांच्या भाषणात माझं नाव घेतलं नाही."

चारचौघांत, दिवसाढवळ्या ते वाक्य मागियसच्या स्वतःच्याच कानांना फार लहान वाटलं. पाच वर्षं मनात ते चांगलं घराएवढं होतं.

सेप्पियसने आवाज जमेल तेवढा खाली आणला. त्याच्या मानाने ते फारच होतं. मग म्हणाला, "उद्या माझ्याकडून असं काही राहिलं, लग्नात तुमचं नाव घ्यायचं विसरलो, तर तुम्ही पाच वर्षं मुलीचं तोंड बघणार नाही का? माझा मुलगा पोरीला माहेरी कधी पाठवेल, कुणाला विचारून पाठवेल?" त्याने खेचराचा लगाम पुन्हा हातात घेतला. "हे निस्तरा. तोवर मी खोगीर उतरवत नाही."

मागियसने माडीकडे पाहिलं. मागिया त्याच्याकडे बघत होती. एरवी ती त्याच्या विनोदांना, तो स्वतः आधीच हसून मोकळा झाला तरी, मान राखून हसायची. आज तिचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. तो चालू लागला. दुकान उघडं, फळ्या उघड्या. गर्दीही त्याच्यामागे निघाली. चणेवाल्याने टोपली डोक्यावर घेतली. सालवियसने तिवई उचलली. खेचर, सेप्पियस आणि पाठोपाठ पदर सावरत कालाविया व मागिया, अशी सगळी वरात त्या दोन गल्ल्यांमधून गेली. पाच वर्षांत तिथे दोन घरं नवी झाली होती आणि कोपऱ्यावरची पाण्याची कुंडी हलवली होती. हे मागियसला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने दार वाजवलं. बऱ्याच वेळाने नोव्हियसने उघडलं. केस पिकले होते. उजव्या हाताची बोटं कोळशाने काळी होती. लोकरीच्या व्यापाऱ्याच्या हाताला काळं लागायचं काही कारण नव्हतं.

मागियसने आपला अंगठा मुठीत लपवला.

"दादा," मागियस म्हणाला.

"आठ वेळा लिहिलं," नोव्हियस म्हणाला. "आठही वेळा पुसलंस. या वयात मला पहाटे उठवत नाही."

"अक्षर मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मग इतके दिवस काय केलंस?"

खुलासा द्यायची सवय मागियसने पहिल्यांदाच आवरली. त्याने नुसतं विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेणार होतो. अंजिराच्या झाडानंतर तुझंच होतं. मेणपाटीवर लिहून नेलं होतं मी. तू समोर उभा होतास, बाबांसारखाच मान वाकडी करून. मला रडू फुटलं. डोळ्यांना काही दिसेना. ती ओळ राहिली आणि पुढची वाचली गेली."

"मग हे सांगायचं नाही?"

"तू घरी निघून गेलास. नंतर मी आलो होतो तुझ्या दुकानात, दिवा घ्यायला. तू आत जाऊन बसलास."

मागियस एक पाऊल पुढे झाला. नोव्हियसने दार पूर्ण उघडलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पांढऱ्या टोग्यावर पाच काळी बोटं उमटली, आणि दोघं आत गेले. दार लागलं. बाहेर सालवियस डोळे पुसत होता. दामा गंभीरपणे चणे खात होता.

थोड्या वेळाने आतून मागियसचा आवाज आला, "पण मेणपाटी कुठली, दादा? तुझ्या हातात मेणपाटी नव्हतीच. तू तोंडपाठ बोलत होतास."

"मी तोंडपाठ? मला बाजाराची यादी पाठ होत नाही."

"मी पहिल्या रांगेत होतो. हात मोकळे होते तुझे."

"डावा हात टोग्यात होता. त्यात पाटी होती."

"टोग्यातली पाटी वाचता येते का?"

आवाज चढत गेले. भांडं आदळल्याचा आवाज झाला. घोडा काळा होता की तपकिरी, अंजिराचं झाड बाबांनी लावलं की आईने, सगळं एकात एक निघालं. सेप्पियस अस्वस्थ झाला. त्याने लगाम घट्ट धरून कालावियाला विचारलं, "भांडतायत का हो पुन्हा?"

कालाविया उंबऱ्यावर ऐसपैस बसली. मागियालाही तिने शेजारी बसवून घेतलं.

"बोलतायत," ती म्हणाली. "पाच वर्षांचं राहिलंय. तुम्ही खोगीर उतरवून घ्या."